मानेवरचा मळ

आमच्या घरांत दोन वर्षें दर रविवारीं सकाळीं एक लहानसा विधि चालत असे. डाळीचें पीठ, चिमूटभर हळद, चमचाभर साय आणि अर्ध्या लिंबाचा रस हीं एका वाटींत कालवून माझी आई न्हाणीघराच्या दाराशीं बसे. माझी धाकटी मुलगी मान खालीं घालून तिच्यापुढें पाटावर बसे. आणि मग त्या मानेवर घासणें सुरू होई. मानेच्या मागच्या बाजूस, केस संपतात तेथून थोडें खालीं, एक काळपट, जाडसर, मखमलीसारखा पट्टा दिसूं लागला होता. आई म्हणे, "उन्हानें रापली आहे पोर." मुलीची आई म्हणे, "दप्तराच्या ओझ्यानें झालें असेल." मी कांहींच म्हणत नसें, पण माझें निदान केव्हांच ठरून गेलें होतें. हल्लींच्या मुली आंघोळ भराभर उरकतात, लक्ष सगळें त्या मोबाईलकडे, मान कोण घासणार! तो मळ होता.

हें निदान मीं मनांतच ठेवलें असतें तरी कोणाचें कांहीं अडलें नसतें. परंतु भाच्याच्या मुंजींत फोटो काढण्यासाठीं सगळीं ओळीनें उभीं राहिलीं, मुलगी माझ्या पुढें उभी होती, तिची वेणी खांद्यावरून पुढें आलेली होती, आणि माझ्या तोंडून निघून गेलें, "अग, मान तरी धूत जा नीट. चार लोकांत बरें दिसतें का तें?" चार-पांच बायका हंसल्या. मुलगी हंसली नाहीं, रागावलीहि नाहीं. त्या दिवसापासून मात्र तिनें वेणी घालणें सोडलें. वैशाखाच्या उकाड्यांतसुद्धां तिचे केस मानेवर मोकळे असत, आणि कपडे घ्यावयाचे ते गळाबंद. मला वाटलें, नवी तऱ्हा असेल. बापांना अशा वेळीं नेहमीं तऱ्हाच दिसते.

पुढें बारावीच्या वर्षांत तिची प्रकृति कुरकुर करूं लागली. काय होतें तें तिच्या आईला ठाऊक होतें, मला नव्हतें. घरांत कांहीं गोष्टी बापापर्यंत येतां येतां विरून जातात. मासिक पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने येत नव्हती. एका डॉक्टरीणबाईंकडे जावयाचें ठरलें आणि मी गेलों तो केवळ गाडी चालविण्यापुरता. बाईंनीं मुलीची नाडी पाहिली नाहीं, जीभ पाहिली नाहीं. प्रथम तिचे मोकळे केस हलक्या हातानें बाजूला केले आणि मान पाहिली. "हें किती दिवसांचें?" मुलगी गप्प. तेव्हां मीं पुढें होऊन सांगितलें, "मळ आहे तो. दर रविवारीं घासतों, पण जात नाहीं."

बाई माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "घासूं नका. तो मळ नव्हे. तो आंतून आलेला आहे." आणि लागलीच दुसरा प्रश्न, "घरांत मधुमेह कोणाला आहे?"

"माझ्या वडिलांना होता."

"आणि तुम्हांला?"

"मला?" मीं जवळजवळ हंसून विचारलें. मी काटकुळ्या अंगाचा माणूस. महाविद्यालयांत संस्कृत शिकवितांना माझ्या मनगटाकडे बोट दाखवून कृश या शब्दाचा अर्थ सांगावा, असा. बाईंनीं खणांतून टेप काढली. ती मुलीसाठीं असेल असें मला वाटलें. पण ती माझ्या पोटाभोवतीं गुंडाळली गेली. "पंचाण्णव सेंटिमीटर," त्या म्हणाल्या. "आपल्याकडच्या पुरुषांना नव्वद पुष्कळ झाले, बायकांना ऐंशीं. हात-पाय बारीक आणि मध्यें हें गांठोडें. तुम्हीहि रक्त देऊन जा."

दोन दिवसांनीं आंकडे आले. मुलीची उपाशीपोटीं साखर ९३, म्हणजे अगदीं निर्दोष; पण त्याच रक्तांत इन्सुलिन २६. या दोन आंकड्यांचा गुणाकार करून त्याला ४०५ नें भागावयाचें असा एक हिशेब आहे. तो केला तेव्हां उत्तर जवळजवळ ६ आलें. बाई म्हणाल्या, तें दोनच्या आसपास असतें तर मी कांहीं बोललें नसतें. पण निरनिराळ्या प्रयोगशाळांचीं इन्सुलिनचीं मापें सारखीं नसतात, तेव्हां या आंकड्याची पूजा करूं नका. मान आणि पाळी यांनीं मला अगोदरच सांगितलें आहे. माझी उपाशी साखर १०८, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी ५.९, रक्तांतील स्निग्धांश २१० आणि ज्याला चांगलें कोलेस्टेरॉल म्हणतात तें अवघें ३६. मधुमेह नव्हे, पण त्याच्या उंबरठ्यावर पाय ठेवलेला. दोघांच्याहि कागदावर एकच शब्द लिहिला होता : इन्सुलिन रेझिस्टन्स. मराठींत त्याला इन्सुलिन-प्रतिरोध म्हणतात. प्रतिरोध हा शब्द मला पटत नाहीं. त्यांत बंडखोरी आहे, तट आहे, लढाई आहे. प्रत्यक्षांत जें घडतें तें त्याहून पुष्कळ घरगुती आहे. तें बहिरेपण आहे.

मुलें लहान होतीं तेव्हां "जेवायला चला" अशी माझी एक हांक पुरत असे. पुढें घरांत दूरचित्रवाणी आली, कानांत घालावयाचीं यंत्रें आलीं, आणि दुसरी हांक मारावी लागूं लागली. मग तिसरी. आतां मी ओरडतों तेव्हां कोठें ताटांवर माणसें दिसतात. पाहणाऱ्याला वाटेल, या घरांत सगळें वेळेवर चाललें आहे. सातच्या ठोक्याला पानें मांडलीं जातात. माझा घसा मात्र बसलेला असतो. शरीरांत नेमकें हेंच होतें. अन्न पचून साखर रक्तांत उतरली कीं स्वादुपिंडांतून इन्सुलिन निघतें. तें स्नायूंना सांगतें, साखर आली आहे, आंत घ्या. यकृताला सांगतें, बाहेरून माल आला आहे, आतां तुम्ही साखर करणें थांबवा. चरबीच्या पेशींना सांगतें, सांठा सोडूं नका. स्नायूंत आणि यकृतांत जेथें नको तेथें स्निग्धांश सांठूं लागला, पोटाच्या आंत चरबी बसली, म्हणजे हे सारे हळूहळू बहिरे होतात. मग स्वादुपिंड दुप्पट ओरडतें, तिप्पट ओरडतें. जोंवर त्याला ओरडतां येतें तोंवर साखर जागेवर राहते आणि कागदावर नॉर्मल हा शब्द छापून येतो. त्याचा घसा बसला म्हणजे मग साखर चढते, आणि आपण म्हणतों, 'यंदां मधुमेह निघाला.' तो यंदां निघालेला नसतो. आरडाओरड कित्येक वर्षें चाललेली असते. आपण फक्त साखर मोजत बसलेलों असतों, आवाज मोजत नाहीं.

आणि मानेचें काय? तीच तर या प्रकरणांतील गंमत, अर्थात् जिच्या मानेवर बेतली आहे तिच्याखेरीज इतरांना. घरचीं माणसें बहिरीं झालीं तरी शेजारी बहिरे झालेले नसतात. माझें ओरडणें आमच्या मुलांना ऐकूं जात नाहीं, पण वरच्या मजल्यावरच्या काकूंना स्वच्छ ऐकूं जातें. त्वचेच्या पेशींना इन्सुलिनची ती वाढलेली हांक पुरेपूर पोंचते आणि त्यांना ती वाढण्याची आज्ञा वाटते. त्या वाढतात, थर जाड होतो, काळवंडतो. मानेवर, काखेंत, जेथें कातडीला घड्या पडतात तेथें. बीजकोशांनाहि ती हांक ऐकूं जाते आणि ते पुरुषी संप्रेरकें जरुरीपेक्षां अधिक करूं लागतात. पाळी चुकण्याचें एक कारण तें. त्वचेवरच्या या खुणेला वैद्यकांत अकॅन्थोसिस नायग्रिकन्स असें दणदणीत नांव आहे. प्रत्येक काळ्या मानेला हेंच कारण असतें असें मात्र नव्हे. क्वचित् ती दुसऱ्या एकाद्या रोगाची किंवा औषधाचीहि खूण असते, म्हणून पाहणारा जाणता हवा. तें पीठ आणि तें लिंबू यांनीं कांहीं साधावयाचें नव्हतें. उलट घासून घासून कातडी आणखी जाड होते. दोन वर्षें आम्ही मुलीच्या शरीरानें पाठविलेलें पत्र लिंबानें पुसूं पाहत होतों.

त्या रात्रीं मला वडिलांची आठवण झाली. सत्तेचाळीसाव्या वर्षीं त्यांना मधुमेह आहे असें कळलें आणि त्याच दिवशीं त्यांनीं साखरेशीं उभें वैर धरलें. चहा बिनसाखरेचा. श्रीखंड, पुरणपोळी, जिलबी यांच्याकडे दृष्टि नाहीं. सणाच्या दिवशीं इतरांच्या पानांत गोड पडलें कीं ते असे ताठ बसत कीं जणूं एकादा संन्यासी राजवाड्यांत जेवतो आहे. त्यांच्या निग्रहाचें आम्हांला फार कौतुक. पण भाताच्या दोन मुदी कधीं सुटल्या नाहींत, दुपारची झोंप सुटली नाहीं, आणि कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जावयाचें तरी स्कूटर लागे. साखर सोडली म्हणजे मधुमेह सुटला, अशी त्यांची आणि आमची सर्वांची प्रामाणिक समजूत होती. भातहि पोटांत जाऊन साखरच होतो, आणि बसून राहिलेला स्नायु ती घेत नाहीं, हें त्यांना कोणीं समजावून सांगितलें नाहीं. किंवा सांगितलें असेल, पण त्यागाची जी एक मोठी तृप्ति असते तिच्यापुढें अशा बारीकसारीक गोष्टी ऐकूं येत नाहींत. एकसष्टाव्या वर्षीं त्यांच्या पायाचें बोट काढावें लागलें. पुढें दृष्टि गेली. शेवटचीं तीन वर्षें मी रोज सकाळीं त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवीत असें, अग्रलेख संपला कीं ते म्हणत, "आतां मृत्युवार्ता वाच. कोणकोण गेले बघूं." मला आतां बावन्नावें वर्ष चालू आहे.

माझा धंदा जुन्या पोथ्यांचा, म्हणून मीं या विषयाचा माग मागें मागें नेऊन पाहिला. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांत प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत : एक जन्माबरोबर आलेला, त्यांतला रोगी कृश असतो; दुसरा अपथ्यानें ओढवलेला, त्यांतला रोगी स्थूल, फार खाणारा आणि बिछान्यावर, आसनावर पडून राहण्याची आवड असलेला. त्यावरचा उपाय तर वाचण्यासारखा आहे. निर्धन रोग्यानें पायांत वहाण न घालतां, डोक्यावर छत्री न धरतां, भिक्षा मागत, एका गांवीं एका रात्रीहून अधिक न राहतां शंभर योजनें चालावें. इतरांनीं विहीर खणावी. हें वाचून 'सारें कांहीं आमच्याकडे पूर्वींच होतें' असें म्हणण्याचा मोह होतो. तो मीं आवरला. इन्सुलिन सुश्रुताला ठाऊक नव्हतें, आणि ज्या चौदा वर्षांच्या मुलाला १९२२ च्या जानेवारींत टोरांटो येथें पहिल्यानें इन्सुलिन टोंचलें, त्याला शंभर योजनें चालवलें असतें तर तो दहाव्या पावलावर पडला असता. पण डोळे उघडे ठेवून रोगी पाहणाऱ्या त्या माणसानें दोन रोग दोन म्हणून ओळखले, एवढें श्रेय त्याचें आहेच.

कारण विसाव्या शतकांत कांहीं काळ विद्वानांनीं ते एक केले होते. बँटिंग आणि बेस्ट यांनीं १९२१ सालीं इन्सुलिन शोधून काढलें, १९२३ सालीं बँटिंग व मॅक्लिऑड यांना नोबेल पारितोषिक मिळालें, आणि मधुमेह म्हणजे इन्सुलिनचा दुष्काळ हें सूत्र पक्कें झालें. तें सूत्र अपुरें आहे असें लंडनमधल्या हॅरल्ड हिम्सवर्थ नांवाच्या तिशींतल्या डॉक्टरला वाटलें. त्याची युक्ति इतकी साधी होती कीं ती आपल्याला सुचली नाहीं याचें कोणालाहि वाईट वाटावें. त्यानें रोग्यांना साखरेचें पाणी पाजलें आणि त्याच वेळीं शिरेंतून इन्सुलिन दिलें. कांहींची साखर चढली नाहीं. त्यांना खरोखरच इन्सुलिन कमी पडत होतें आणि तें मिळतांच काम झालें. कांहींची साखर, इन्सुलिन दिलेंच नाहीं अशा थाटांत चढत गेली. त्यांना हांक ऐकूं येत नव्हती. १९३६ सालीं त्यानें हें प्रसिद्ध केलें. मधुमेह दोन तऱ्हांचा आहे, इन्सुलिनला दाद देणारा आणि न देणारा. पण रक्तांतलें इन्सुलिन मोजण्याचें साधन तेव्हां नव्हतें. न्यूयॉर्कमधील रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनीं तें १९६० च्या सुमारास सिद्ध केलें, आणि प्रौढपणीं मधुमेह झालेल्या पुष्कळांच्या रक्तांत इन्सुलिन कमी नसून भरपूर आहे असें आढळलें. १९७७ सालीं यॅलोबाईंना नोबेल मिळालें. बर्सन १९७२ सालींच निवर्तले होते. मग १९८८ सालीं जेरल्ड रीव्हन यांनीं रक्तदाब, स्निग्धांश, साखर हीं सारीं एकाच मुळाशीं बांधून दाखविलीं. माझ्या वडिलांची मुदीवर मूद पडत होती ती याच काळांत.

आणि मुळांतला सर्वांत विलक्षण भाग निघाला तो आमच्याच गांवांत. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं आपल्या लोकांच्या शरीराला 'कृश-स्थूल' असें नांव दिलें आहे. २००४ साली 'लॅन्सेट' मध्यें त्यांचें आणि जॉन युडकिन या इंग्रज सहकाऱ्याचें छायाचित्र छापून आलें. दोघांचीं उंचीच्या मानानें वजनें तंतोतंत सारखीं, निर्देशांक २२.३; पण युडकिनांच्या अंगांत चरबी शेंकडा ९.१ आणि याज्ञिकांच्या अंगांत २१.२. स्वतःच्याच अंगावरून शास्त्र सांगणारा असा संशोधक विरळा. त्याच्याहि अगोदर, १९९३ सालापासून, पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर बायकांचा अभ्यास सुरू झाला होता. तेथें जन्मलेलीं बालकें सरासरी २.७ किलोचीं, इंग्लंडांतील साउथँप्टनचीं ३.५ किलोचीं. आपलें बाळ सर्व बाजूंनीं लहान. स्नायु कमी, पोटांतील इंद्रियें लहान. पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानानें राखलेली. अर्धपोटी राहून राबणाऱ्या आईच्या उदरांतून तें एक प्रकारें टंचाईची तयारी करूनच बाहेर येतें, आणि पुढें त्याला टंचाई भेटत नाहीं, पाव भेटतो, खुर्ची भेटते, लिफ्ट भेटते.

हें मीं घरीं वाचून दाखविलें तेव्हां आई बराच वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, "तुझ्या वेळेला मी सगळ्यांचीं जेवणें झाल्यावर जेवत असें. उरेल तें." त्यांत तक्रार नव्हती, ती आपली एक माहिती देत होती.

आतां आम्ही काय केलें तें. तें सांगण्यासारखें फारसें नाहीं, इतकें तें सामान्य आहे. बाईंनीं मला एकट्याला थांबवून पहिली गोष्ट सांगितली ती अशी : मुलीच्या वजनाविषयीं घरांत एक शब्दहि निघतां कामा नये, तिच्या ताटावर पहारा बसवूं नये, जें करावयाचें तें सर्वांनीं करावयाचें. या वयांत मुलींना बारीक व्हावयाला सांगितलें कीं कांहीं खाणेंच सोडतात, आणि तो रोग या रोगाहून वाईट.

तेव्हां ताट सगळ्यांचें बदललें. भात गेला नाहीं. तो निम्मा झाला आणि शेवटीं आला. प्रथम कोशिंबीर, मग उसळ, भाजी, वरण दाट, ताक. पोळीबरोबर ज्वारीची भाकरी आली, पण भाकरी कितीहि खावी हा गैरसमज बाईंनीं लागलीच काढून टाकला. चहाबरोबरचीं बिस्किटें गेलीं. त्यांच्या जागीं फुटाणे आले. सर्वांत मोठें युद्ध झालें तें उपवासावरून. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण ज्यानें केली त्यानें साबुदाण्याकडे पाहूनच केली असली पाहिजे. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, वर बटाटा. आईनें तीन एकादश्या ऐकून घेतलें नाहीं. चौथीला तिनें आपण होऊन वरईचे चारच घांस, दाण्याची आमटी आणि दही एवढ्यावर भागविलें, आणि 'हें डॉक्टरांनीं सांगितलें म्हणून नव्हे, मला पचत नाहीं म्हणून' असा खुलासा केला.

दुसरी गोष्ट शतपावलीची. हा आपला जुना शब्द किती सुंदर आहे आणि आम्ही त्याचें काय करून ठेवलें होतें! आमच्याकडे जेवणानंतर टेबलापासून कोचापर्यंत अकरा पावलें भरतात. स्नायु हलूं लागला म्हणजे तो इन्सुलिनच्या हांकेची वाट न पाहतां स्वतःच दार उघडून साखर आंत घेतो, हें मला बाईंकडून कळलें तेव्हां या रोगाविषयीं प्रथमच मला हुशारी वाटली. पुढचें दार बिघडलें आहे, पण मागचें दार शाबूत आहे. तेव्हांपासून रात्रीं जेवण होतांच मी आणि धाकटी वीस मिनिटें चालून येतों, आणि आठवड्यांतून तीन दिवस ती घरींच उठाबशा आणि वजनें उचलण्याचा व्यायाम करते, कारण साखर रिचविणारें मोठें कोठार स्नायु हेंच. तें मुळांत लहान असेल तर वाढवावें. जागरणें कमी करणें मात्र बारावीच्या वर्षांत जमलें नाहीं. अपुरी झोंप हीहि पेशींना बहिरें करते, असें सांगून पाहिलें. परीक्षेपुढें शरीरशास्त्राचें कांहीं चालत नाहीं.

औषधाचा प्रश्न निघाला. मेटफॉर्मिन नांवाची एक जुनी गोळी आहे; गॅलेगा नांवाच्या युरोपी झुडपांतील द्रव्यावरून तिचा वंश सुरू होतो, आणि पॅरिसच्या झाँ स्टर्न यांनीं १९५७ सालीं ती मधुमेहाच्या उपचारांत आणली. ती मुख्यतः यकृताची साखर करण्याची खोड आवरते. मुलीला बाईंनीं तीन महिने थांबवून मग ती दिली, पाळीकरितां. मला अजून दिलेली नाहीं. दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ हें जीवनसत्त्व कमी होतें, आणि आमच्यासारख्या शाकाहारी घरांत तें मुळांतच बेताचें, म्हणून तेंहि तपासून झालें. अमेरिकेंत २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगांत उंबरठ्यावरच्या लोकांना चालणें आणि आहार यांनीं मधुमेहाचा धोका शेंकडा ५८ नीं कमी झाला, या गोळीनें ३१ नीं. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनीं आपल्या लोकांवर केलेल्या प्रयोगांत, २००६ सालीं, तेच आंकडे २८.५ आणि २६.४ असे आले. हे आंकडे मीं एका कागदावर लिहून टेबलाच्या कांचेखालीं ठेवले आहेत. त्यांत माझें सगळें भविष्य आहे असें नाहीं. पण महिनाभरांत मधुमेह मुळासकट उपटून देणाऱ्या चूर्णांच्या जाहिराती पाहण्यांत आल्या कीं मी त्या कागदाकडे पाहतों. इतके कष्ट करून आपल्याकडे धोका शेंकडा अठ्ठावीसांनींच कमी होतो. चूर्णवाल्यांच्या जगांत शंभरांतील शंभर बरे होतात, हा फरक ध्यानांत घेण्यासारखा आहे.

चालूं लागल्यावर पहिले पंधरा दिवस आम्ही दोघें मुकाट्यानें चालत होतों. कालव्याच्या कडेनें आमचा रस्ता. ती पुढें, मी मागें. एके रात्रीं मीं तिला म्हटलें, "त्या मुंजीच्या दिवशीं मीं बोललों तें चुकलें." आमच्या घराण्यांत वडिलांनीं मुलाची क्षमा मागितल्याचा दाखला नाहीं, त्यामुळें वाक्य कसें संपवावें तें मला कळेना.

ती थांबली. म्हणाली, "बाबा, इकडे पाठ करा." दिव्याच्या खांबाखालीं तिनें मला उभें केलें, माझी सदऱ्याची कॉलर खालीं ओढली, मोबाईलनें एक छायाचित्र घेतलें आणि माझ्यापुढें धरलें. एका पिकल्या केसांच्या माणसाची ती मान होती. तिच्यावर, केस संपतात तेथून थोडें खालीं, काळपट जाडसर पट्टा होता. मुलीच्या पट्ट्यापेक्षां रुंद. बावन्न वर्षांत मीं माझी मान पाहिलेली नव्हती.

"मला केव्हांपासून दिसतें आहे," ती म्हणाली. "त्या मुंजींतसुद्धां दिसत होतें."

"मग तेव्हां बोलली कां नाहींस?"

"चार लोकांत?" ती म्हणाली, आणि चालूं लागली.

या गोष्टीला आतां सात महिने झाले. माझा घेर एक्क्याण्णव आहे, उपाशी साखर ९९. मुलीची पाळी गेले तीन महिने वेळेवर आहे असें तिच्या आईनें मला सांगितलें. पूर्वीं सांगितलें नसतें. तिच्या मानेचा रंग किंचित् निवळला आहे, पुरता गेलेला नाहीं. जाईल तेव्हां जाईल असें बाई म्हणतात. गेल्या आठवड्यांत तिनें वेणी घातली. रविवारची पिठाची वाटी बंद झाल्यामुळें आईला सकाळीं कांहीं काम उरलें नाहीं, म्हणून ती कालव्यापर्यंत आमच्याबरोबर येते आणि पुलावर बसून राहते.

परवां केस कापावयास गेलों होतों. न्हाव्यानें कात्री ठेवली, ओला टॉवेल घेतला आणि माझ्या मानेमागें जोरानें घासूं लागला. "साहेब, मळ बसलाय फार," तो म्हणाला, "निघत नाहीं." शेजारच्या खुर्चींत एक मनुष्य आपली पाळी येण्याची वाट पाहत वर्तमानपत्र वाचीत होता, त्यानें मान वर करून पाहिलें.

"राहूं दे," मीं म्हटलें. "तो निघायचा नाहीं."